तळाशी बुडालेलं जुनं जहाज सापडलं तर ते जपायचं कसं: पहिल्या डाइव्हपासून दरवर्षीच्या तपासणीपर्यंत

सगळ्यात आधी एक समज डोक्यातून काढून टाकू, की तळाशी पडलेलं जुनं जहाज रोज थोडं थोडं सडतंय आणि आपण ते पटकन वर काढलं नाही तर उद्या काही उरणारच नाही. बहुतेक वेळा असं नसतं. जहाज बुडालं की पहिल्या काही वर्षांत मोडतोड जोरात होते, शिडं, दोरखंड, डोलकाठ्या, वरचा डेक हे सगळं जातं, पण जो भाग वाळूत नाहीतर चिखलात रुततो तो मग बराच काळ तसाच राहतो, कारण गाळात थोडं खाली गेलं की ऑक्सिजन संपतो आणि ऑक्सिजन नाही म्हटल्यावर लाकूड पोखरणारे प्राणी नाहीत, बुरशी नाही, उरतात फक्त काही बॅक्टेरिया आणि त्यांचं काम शतकानुशतकं चालेल इतकं सावकाश असतं. नेदरलँड्सच्या टेक्सल बेटाजवळ २०१४ मध्ये डायव्हर्सना सतराव्या शतकातल्या एका जहाजातून चक्क रेशमी पोशाख मिळाला. रेशीम, इतकी शतकं पाण्याखाली! ते टिकलं गाळामुळे आणि दिसलं ते वरची वाळू सरकली म्हणून.

खरी घाई सुरू होते ती जहाज उघडं पडल्यावर. आणि वाळू सरकायला कारणं भरपूर आहेत, एखादं मोठं वादळ, जवळ झालेलं नवीन बंदर, ड्रेजिंग (तळाचा गाळ उपसणं), वरच्या नदीवर धरण झाल्यामुळे समुद्रात येणारा गाळ कमी होणं, ट्रॉलरची जाळी, मोठ्या जहाजांच्या पंख्याचा झोत. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्स नावाचा वाळूचा मोठा पट्टा आहे, तिथे ‘स्टर्लिंग कॅसल’ ही युद्धनौका १७०३ च्या वादळात बुडाली, १९७९ मध्ये वाळू हटल्यावर डायव्हर्सना सापडली तेव्हा थक्क व्हावं इतकी शाबूत होती, नंतर परत वाळूखाली गेली, परत उघडी पडली, आणि उघडी पडेल तसे तिचे भाग ढासळत गेले. वाळूखाली पावणेतीनशे वर्षं टिकलेलं लाकूड उघड्यावर आलं की सगळं गणितच बदलतं.

म्हणून खाली जे लिहितोय ते सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं: जहाज आहे तिथेच, झाकलेलं ठेवायचं, आणि झाकल्यावर विसरायचं नाही. डायव्हिंग करणारे, मासेमारी करणारे, सर्व्हे बोटीवर काम करणारे, पुरातत्त्वाचे विद्यार्थी, किनाऱ्यावरचे हौशी ग्रुप, कुणालाही उपयोगी पडेल असं लिहायचा प्रयत्न आहे. काही कामं तुम्ही स्वतः करू शकता, काही फक्त परवानगी आणि तज्ज्ञ सोबत असतील तरच, ते त्या त्या ठिकाणी सांगतोच.

१. काहीही हलवू नका

हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी पहिल्या डाइव्हला हात जातोच. एखादी बाटली, एखादा खिळा, घंटा दिसली तर विचारूच नका. पण त्या वस्तूची जागा हीच अर्धी माहिती असते. बाटली जहाजाच्या मागच्या भागात होती की पुढच्या, तोफेच्या खाली होती की वर, आजूबाजूला काय होतं, यावरून जहाज कसं बुडालं, कोण कुठे राहत होतं, माल कसा रचला होता हे कळतं. बाटली घरी आणलीत की ती नुसती जुनी बाटली होते.

दुसरं कारण शुद्ध केमिस्ट्रीचं आहे. समुद्रात लोखंडावर चुना, वाळू, गंज आणि शिंपले वगैरे मिळून एक दगडासारखा थर चढतो. तो ओबडधोबड दिसतो आणि लोकांना वाटतं खरवडून आत काय आहे ते बघू. हा थर म्हणजे त्या लोखंडाचं कवच आहे, तो असेपर्यंत आत ऑक्सिजन कमी पोहोचतो आणि गंजण्याचा वेग मंदावलेला असतो, थर फोडला की गंजणं एकदम उसळी घेतं. तोफेवरचा असा एक टवका उडवला तरी त्या जागेपासून ती परत खराब व्हायला लागते.

तिसरं म्हणजे तुमचा जीव. जुन्या जहाजांवर मासेमारीची तुटकी जाळी अडकलेली असतात, आतल्या खोल्या कोसळू शकतात, आणि युद्धकाळातलं जहाज असेल तर दारूगोळा असू शकतो जो अजूनही जिवंत आहे. थेम्सच्या मुखाजवळ ‘रिचर्ड माँटगोमेरी’ हे १९४४ मध्ये रुतलेलं मालवाहू जहाज आहे, त्यात आजही सुमारे १४०० टन स्फोटकं आहेत आणि भोवती प्रवेशबंदी आहे. तोफगोळा किंवा बॉम्बसारखं काही दिसलं तर फोटो काढायलाही जवळ जाऊ नका, सरळ वर या आणि नौदल किंवा तटरक्षक दलाला कळवा.

२. जागा नीट नोंदवा, आणि तोंड बंद ठेवा

पाण्याखाली जीपीएस चालत नाही. जहाजापासून थोडं बाजूला, जिथे काही इजा होणार नाही अशा जागी छोटं वजन ठेवून त्याला बोया बांधा, आणि भरती-ओहोटीच्या मधल्या शांत पाण्यात, दोरी ताणून अगदी सरळ उभी आहे हे बघून, वर बोटीवरून जीपीएस रीडिंग घ्या, एकदा नाही, चार-पाच वेळा. सोबत खोली, वेळ, भरती की ओहोटी, पाण्याची दृश्यता, तळ वाळूचा की चिखलाचा की खडकाचा हे सगळं लिहा. बोया काम झालं की काढून आणा, कारण तरंगता बोया म्हणजे सगळ्यांना आमंत्रण.

आणि आता तोंड बंद ठेवण्याचं. फोनने आणि काही कॅमेऱ्यांनी काढलेल्या फोटोत लोकेशन आपोआप सेव्ह होतं, बोटीवर काढलेला ग्रुप फोटो तुम्ही टाकता आणि त्यात किनारा मागे दिसतो, कुणीतरी ट्रॅकिंग अॅपवर बोट दोन तास एकाच जागी उभी होती ते बघतं, एवढं पुरेसं असतं. हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. जावा समुद्रात फेब्रुवारी १९४२ च्या लढाईत बुडालेल्या ‘डे राउटर’ आणि ‘जावा’ या डच युद्धनौका २०१६ मध्ये शोधायला गेले तेव्हा तिथे नुसते खड्डे उरले होते, अख्खी जहाजं भंगारासाठी उचलून नेली होती. त्यात शेकडो खलाशांची कबर होती. जिथे जहाजाला अजून कसलंही संरक्षण नाही तिथे अचूक जागा फक्त अधिकाऱ्यांना द्या, बाकी सगळ्यांना सांगताना नुसता परिसर सांगा.

३. कळवा, आणि लेखी कळवा

प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. ब्रिटनमध्ये बुडालेल्या जहाजातली कुठलीही वस्तू हातात आली तर २८ दिवसांत रिसीव्हर ऑफ रेक या अधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि १९७३ च्या कायद्याखाली महत्त्वाच्या जहाजांभोवती संरक्षित क्षेत्र जाहीर होतं. अमेरिकेत १९८७ चा वेगळा कायदा आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर युनेस्कोचा २००१ चा करार आहे, तो २००९ पासून लागू झाला, आणि त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत: किमान १०० वर्षं पाण्याखाली असलेल्या मानवी खुणा हा वारसा मानायचा, तो आहे तिथेच जपणं हा पहिला पर्याय धरायचा, आणि त्याचा व्यापार करायचा नाही. सगळ्या देशांनी त्यावर सही केलेली नाही, पण त्याच्या सोबतचे ३६ नियम सही न केलेल्या देशांतले तज्ज्ञसुद्धा कामात वापरतात, ते एकदा वाचाच.

युद्धनौका असेल तर अजून एक गुंता असतो. ती कितीही वर्षांपूर्वी बुडालेली असो, ज्या देशाच्या नौदलाची होती तो देश सहसा तिच्यावर हक्क सांगतो. त्यामुळे ‘सापडली त्याची’ हा न्याय इथे चालत नाही.

कळवताना फोन करून थांबू नका. एक पानाचा अहवाल, तारीख, जागा, खोली, काय दिसलं, काय हलवलं (काही नाही असंच उत्तर असायला पाहिजे), सोबत चार फोटो. त्याची पोच घ्या. नंतर कुणी तिथे ड्रेजिंगचं काम काढलं तर ही पोच फार कामाला येते.

४. आज आहे तशी नोंद

पुढे दहा वर्षांनी कुणी विचारलं की काय बदललं, तर उत्तर द्यायला आजची नोंद लागते, आणि ही नोंद जितकी चांगली तितकं पुढचं सगळं सोपं. सुदैवाने या बाबतीत गेल्या काही वर्षांत कमाल झालीये. साध्या अॅक्शन कॅमेऱ्याने शेकडो फोटो काढून सॉफ्टवेअरने त्याचं थ्रीडी मॉडेल बनवता येतं, याला फोटोग्रामेट्री म्हणतात. नियम थोडेच आहेत. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोशी निदान ७० टक्के जुळला पाहिजे, म्हणजे फार हळू पोहायचं आणि सतत क्लिक करत राहायचं. आधी वरून सरळ खाली बघत शेताची नांगरणी करतो तसं एकाशेजारी एक पट्ट्यात जायचं, मग तिरका कॅमेरा धरून चारी बाजूंनी. ज्याची लांबी पक्की माहीत आहे अशा पट्ट्या तीन-चार ठिकाणी ठेवायच्या म्हणजे मॉडेलचं माप बरोबर येतं. पाणी गढूळ असेल तर जवळून काढा, फोटो जास्त लागतील, चालतील. आणि पायातल्या फिन्सने तळ ढवळू नका, नाहीतर पुढचा अर्धा तास नुसतं धुकं.

मॉडेल असलं तरी हाताने घेतलेली मापं लागतातच. परवानगी असेल तर जहाजाच्या बाहेर, आजूबाजूला चार तरी पक्के बिंदू बसवा, स्टेनलेस स्टीलच्या सळया तळात खोल ठोकून, आणि प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणापर्यंतचं टेपचं अंतर किमान तीन बिंदूंपासून घ्या, चौथं चुका पकडण्यासाठी. सळया जहाजात ठोकायच्या नाहीत, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो. मोठा परिसर असेल तर साइड स्कॅन सोनार किंवा मल्टीबीम सोनार (आवाजाच्या लहरींनी तळ बघणारी यंत्रं), लोखंड गाळाखाली किती पसरलंय ते बघायला मॅग्नेटोमीटर, आणि गाडलेल्या लाकडाचा अंदाज घ्यायला गाळाच्या आत बघणारं सोनार, ही साधनं विद्यापीठांकडे, सर्व्हे कंपन्यांकडे असतात. अधिकृत प्रकल्प असेल तर काही वेळा ते दुसऱ्या कामाच्या मधे एक दिवस देतात, विचारून बघायला हरकत नाही.

फाइल्स दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि मूळ फोटो कधी डिलीट करू नका, मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर उद्या अजून चांगलं होईल, फोटो मात्र तेच राहणार.

५. नक्की कोण खातंय ते शोधा

इथे बरेच लोक उडी मारतात आणि थेट वाळूच्या गोण्या टाकायला निघतात. थांबा. आधी कारण कळलं पाहिजे.

लाकडाचा सगळ्यात मोठा शत्रू टेरेडो. नाव शिपवर्म असलं तरी हा किडा नाही, शिंपल्याचा भाऊबंद आहे. याची पिल्लं पाण्यात तरंगत येतात, लाकडावर टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून आत शिरतात आणि मग आतल्या आत बोगदे करत वाढतात. बाहेरून लाकूड ठणठणीत दिसतं आणि आतून पोकळ झालेलं असतं, एक्स-रे काढला तरच खरं कळतं. उघडं पडलेलं ओकचं जाड लाकूडसुद्धा हे काही वर्षांत संपवतात, पाइनचं त्याहून लवकर. याला खारं पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतं. बाल्टिक समुद्राच्या आतल्या भागात पाणी फारसं खारं नाही म्हणून तिथे तो जगत नाही, आणि म्हणूनच १६२८ मध्ये स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेलं ‘वासा’ जहाज १९६१ मध्ये जवळपास अख्खं वर काढता आलं.

तुमच्या जागी टेरेडो आहे का हे बघायचा स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे लाकडाचे ठोकळे. ताज्या पाइनचे सारख्या मापाचे ठोकळे घ्या, काही तळाच्या वर, काही तळाच्या लगत, काही गाळाखाली वेगवेगळ्या खोलीवर बसवा, आणि तीन महिने, सहा महिने, एक वर्ष अशा टप्प्यांनी एकेक संच काढून कापून बघा. स्वीडनमध्ये मारस्ट्रँडच्या बंदरात याच धर्तीचा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर चालू आहे, लाकूड, धातू, काच, कापड असे सगळे नमुने गाळात पुरून पन्नास वर्षांपर्यंत बघायचं असं ठरवून, आणि त्यातून पुढे आलेली एक उपयोगी गोष्ट अशी की निदान ५० सेंटिमीटर गाळाखाली बहुतेक गोष्टी बऱ्याच सुरक्षित राहतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरं कारण प्रवाह. तळावर कुठलीही वस्तू असली की पाणी तिच्या कडेने जोरात वळतं आणि तिथली वाळू उकरून नेतं. जहाजाच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला ढीग दिसत असेल तर हेच चाललंय. हे मोजायला चार-सहा लांब सळया वाळूत उभ्या रोवा, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा असू द्या, आणि प्रत्येक वेळी वाळू कुठल्या खुणेपर्यंत आहे ते लिहा. बस एवढंच. पैसा नसलेल्या ग्रुपसाठी याच्याइतकं उपयोगी साधन दुसरं नाही.

तिसरं, माणसांनी केलेलं: नांगराचे ताजे ओरखडे, तुटलेली टोकं, जाळ्याच्या दोऱ्या, हाताने उकरलेले खड्डे. ताजं तुटलेलं लाकूड आतून फिकट दिसतं, त्यावरून ओळखता येतं.

६. ठरवा: सोडायचं, झाकायचं, की काढायचं

सळयांवर वाळू स्थिर आहे, ठोकळे गाळाखाली साफ आहेत, कुणी येत-जात नाही, तर काहीही करू नका. खरंच. नुसती तपासणी करत राहा. अंटार्क्टिकाजवळ ३००८ मीटर खोलीवर २०२२ मध्ये ध्रुवीय संशोधक शॅकलटनचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज सापडलं तेव्हा त्याला हातसुद्धा न लावता फक्त फिल्मिंग आणि स्कॅनिंग केलं.

वर काढायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्याची किंमत आधी समजून घ्या. पाण्यात शतकं काढलेल्या लाकडाच्या पेशी आतून पोखरलेल्या असतात आणि त्यांचा आकार टिकलेला असतो तो फक्त आत भरलेल्या पाण्यामुळे, सुकू दिलं तर लाकूड आक्रसतं, पिळवटतं, चिरफाळतं. ‘वासा’वर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या पदार्थाचा फवारा १७ वर्षं चालू होता. ‘मेरी रोझ’ ही इंग्लंडची युद्धनौका, ते जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर आलं आणि त्याच्यावरचे फवारे बंद झाले २०१३ मध्ये. एवढं करूनही २००० च्या सुमारास लक्षात आलं की वासाच्या लाकडात मुरलेल्या गंधकापासून अॅसिड तयार होतंय. ज्या संस्थेकडे पन्नास वर्षांचा पैसा आणि लॅब नाही तिने अख्खं जहाज काढायचा विषयसुद्धा काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि विकण्यासाठी काढणं तर नाहीच. १७५२ मध्ये बुडालेल्या ‘गेल्डरमाल्सन’ या डच जहाजातला चिनी मातीच्या भांड्यांचा प्रचंड साठा १९८६ मध्ये अॅमस्टरडॅमला लिलावात विकला गेला. जहाजाची मात्र धड नोंद झाली नाही, आणि ती आता होणारही नाही. हे वाचलं की अजूनही जीव तुटतो.

काढण्यासारखी परिस्थिती असतेच कधी कधी, जागेवर बंदर होणार आहे आणि पर्याय नाही, किंवा झाकूनही टिकत नाहीये. तेव्हा एक मधला मार्ग आहे आणि तो मला फार आवडतो. कॅनडातल्या रेड बे इथे सोळाव्या शतकातलं बास्क लोकांचं व्हेल शिकारीचं जहाज १९७८ ते १९८५ या काळात उत्खनन करून भाग भाग वेगळं केलं, प्रत्येक लाकूड वर आणून त्याची चित्रं काढली, मापं घेतली, साचे घेतले, आणि मग सगळी लाकडं परत समुद्राच्या तळाशी नेऊन वाळूत पुरली, वरून जाड आवरण टाकलं, त्यावर काँक्रीट भरलेल्या टायरची वजनं ठेवली. माहिती सगळी मिळाली आणि लाकूड पुढच्यांसाठी शाबूत.

७. झाकायचं कसं

हे काम परवानगी, पुरातत्त्व तज्ज्ञ आणि अनुभवी डायव्हर्स यांच्याशिवाय करायचं नाही. पण पद्धती सगळ्यांना माहीत असाव्यात, कारण बैठकीत बसल्यावर कुठली मागायची ते कळायला हवं.

जाळी. तळावर हलती वाळू भरपूर असेल तर ही सगळ्यात हुशार पद्धत आहे. बांधकामावर धूळ-मलबा अडवायला लावतात तसली बारीक पॉलिप्रॉपिलीनची जाळी जहाजावर सैल अंथरायची. प्रवाह जाळीतून जाताना मंदावतो, त्यातली वाळू जाळीखाली पडते, पडत पडत जाळी स्वतःच गाडली जाते आणि वर वाळूचा उंचवटा तयार होतो. नेदरलँड्सच्या वाडन समुद्रात बुर्गझांड भागातल्या जहाजांवर हेच केलंय आणि श्रीलंकेत गॉल बंदरात १६५९ मध्ये बुडालेल्या ‘अॅव्हॉन्डस्टर’वरही जाळी वापरली. दोन गोष्टींकडे लक्ष द्यायचं. जाळी ताणून बसवायची नाही, पाण्याबरोबर वरखाली व्हायला हवी, नाहीतर वाळू आत शिरत नाही. आणि कडा जहाजाच्या बऱ्याच बाहेरपर्यंत नेऊन पक्क्या दाबायच्या, एक कड सुटली की सगळी जाळी गुंडाळली जाते आणि मग ती माशांना, डायव्हर्सना, जहाजाला, सगळ्यांनाच त्रास. वाळू जाळीत भरण्याआधी शेवाळ आणि शिंपले वाढून भोकं बुजतात का तेही पहिले काही महिने बघत राहावं लागतं. खडकाळ तळावर, किंवा जिथे पाण्यात वाळू वाहतच नाही तिथे ही पद्धत चालत नाही.

वाळूच्या गोण्या. लहान जागेसाठी, एखादा उघडा पडलेला कोपरा तातडीने झाकायला चांगल्या. तागाच्या गोण्या पाण्यात लवकर कुजतात, त्यामुळे विणलेल्या प्लास्टिकच्या नाहीतर जिओटेक्स्टाइलच्या घ्यायच्या. उतार अगदी हळू ठेवायचा, भिंतीसारखी रास केली तर प्रवाह तिच्याच पायथ्याशी नवीन खड्डा करणार आणि तुम्ही जिथे खड्डा नव्हता तिथे तो तयार केलेला असेल. गोण्यांमध्ये फटी नकोत. भरायची वाळू जहाजाच्या शेजारून उकरायची नाही, लांबून आणायची आणि तिथल्या वाळूसारखीच जाडीची असावी. एकूण थर लाकडाच्या वर ते ५० सेंटिमीटर तरी भरला पाहिजे.

जिओटेक्स्टाइल म्हणजे दाट कापडासारखा थर, पाणी जाऊ देतो पण टेरेडोच्या पिल्लांना अडवतो. उघड्या लाकडाला लगेच संरक्षण द्यायचं असेल तर हा, आणि त्यावर वाळू.

ऑस्ट्रेलियात पर्थजवळ १८४१ मध्ये बुडालेल्या ‘जेम्स मॅथ्यूज’वर या पद्धती शेजारी शेजारी करून बघितल्यात, गोण्या, शेडनेट, प्लास्टिकच्या पात्यांचं कृत्रिम समुद्री गवत जे प्रवाह मंद करून वाळू अडवतं, आणि शेवटी रस्त्यावर लावतात तसले प्लास्टिकचे अडथळे एकमेकांत अडकवून जहाजाभोवती कुंपण करून आत वाळू. ज्याला गंभीरपणे काम करायचंय त्याने हे उदाहरण अभ्यासावंच.

पिंजरा. मातीच्या कुंभांचा ढीग उथळ पाण्यात, चोरांच्या हाताला सहज लागेल असा असेल तर वाळूपेक्षा लोखंडी पिंजरा बरा. क्रोएशियात अशा जागांवर कुलपाचे पिंजरे बसवलेत, डायव्हिंग सेंटर परवाना घेऊन लोकांना दाखवायला नेतं.

प्लास्टिकबद्दल मात्र मला मनापासून वाटतं की आता विचार बदलायला हवा. जे गाडलं जाणार नाही आणि पाण्यात झिजत राहील असं प्लास्टिक तळावर ठेवू नये, आणि ठेवलंच तर ते कधी, कोण काढणार हे आराखड्यात लिहिलेलं असावं.

८. लोखंडाचं वेगळं

तोफा, नांगर, वाफेची इंजिनं नुसत्या वाळूने नेहमी वाचत नाहीत. यासाठी झिंक किंवा अॅल्युमिनियमचे अॅनोड तारेने जोडतात, बोटीच्या तळाला लावतात तसेच. अॅनोड स्वतः झिजतो आणि लोखंड वाचतं, शिवाय आत मुरलेलं क्लोराईड हळूहळू बाहेर यायला लागतं. ऑस्ट्रेलियाच्याच पश्चिम किनाऱ्यावर १८७२ मध्ये बुडालेल्या ‘झँथो’ या वाफेच्या जहाजाच्या इंजिनाला आधी पाण्यातच अॅनोड लावले, मग १९८५ मध्ये इंजिन वर काढलं. अॅनोड जोडण्यासाठी लोखंडावरच्या दगडासारख्या थरात एक छोटं छिद्र पाडावं लागतं, आणि ते फक्त धातूंचं जतन करणाऱ्या तज्ज्ञानेच पाडायचं, ते नंतर सील करावं लागतं. लोखंडाला जोडलेलं तांबं किंवा कांसं असेल तर तेही त्याला सांगा, कारण दोन धातू एकत्र असले की लोखंड जास्त वेगाने जातं.

९. बघायला येणारी माणसं

लोकांना पूर्ण बंदी करण्यापेक्षा नीट येऊ देणं चांगलं असं मला वाटतं, ज्यांनी स्वतः पाहिलंय तेच पुढे राखण करतात. पण बोटींनी नांगर टाकायचा नाही, आणि जहाजालाच दोर बांधायचा तर अजिबात नाही. लाल समुद्रात बुडालेल्या ‘थिसलगॉर्म’ या मालवाहू जहाजावर वर्षानुवर्षं बोटी थेट जहाजाला बांधल्या गेल्या आणि त्या ओढीने त्याचे पत्रे, कठडे उखडले. जहाजापासून दूर पक्के मूरिंग बोया (बोटी बांधायचे बोये) बसवा, ठरलेला मार्ग ठेवा, एका वेळी किती जण ते ठरवा, आणि बंद खोल्यांमध्ये जाणं टाळा, कारण सोडलेल्या हवेचे बुडबुडे छताला अडकतात आणि तिथे लोखंड लवकर गंजतं. स्थानिक मच्छीमारांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. अनोळखी बोट तिथे घुटमळतेय हे सगळ्यात आधी त्यांनाच दिसतं.

१०. चुकून काही वर आलंच तर

जाळ्यात अडकून एखादी वस्तू येते, त्यात कुणाचा दोष नसतो. ओली ठेवा, एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल. त्याच समुद्राच्या पाण्यात, झाकणाच्या प्लास्टिकच्या टबमध्ये, सावलीत. लाकूड, लोखंड, मातीची भांडी वेगवेगळ्या टबात. घासायचं नाही, शिंपले काढायचे नाहीत, उन्हात तर ठेवायचंच नाही. मातीचं भांडं सुकलं की आतलं मीठ स्फटिक होऊन वरची झिलई उडवतं, आणि ओतीव लोखंडाची तोफ सुकली की काही महिन्यांत पापुद्रे सुटून फुटते. चिठ्ठीवर पेन्सिलने जागा, खोली, तारीख लिहून टबातच टाका आणि त्याच दिवशी अधिकाऱ्यांना कळवा. गोड्या पाण्यात बदलायचं की नाही ते तज्ज्ञ ठरवतील.

११. परत परत जाणं

झाकणं हा खरं तर सोपा भाग. फोटो निघतात, बातमी येते, पैसे संपतात आणि मग कुणी फिरकत नाही. झाकलेली जागा पहिल्या वर्षी निदान तीन-चार वेळा बघायला हवी, नंतर वर्षातून एकदा, आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर पाणी निवळल्याबरोबर. दर वेळी तीच कामं त्याच क्रमाने: सळयांवरची वाळू, जाळीच्या कडा, गोण्या फाटल्यात का, अॅनोड किती उरलेत, ठरलेल्या त्याच जागांवरून तेच फोटो. शक्य असेल तिथे दोन-तीन वर्षांनी मल्टीबीम सोनार, म्हणजे अख्ख्या परिसराची उंची-खोली आधीच्या नकाशाशी ताडून बघता येते. लाकडाचे ठोकळे दर वर्षी नवीन.

सगळं एका वहीत आणि एका साध्या स्प्रेडशीटमध्ये, आणि ती अशा ठिकाणी जमा करा जिथे तुमचा ग्रुप बंद पडला तरी ती राहील, वस्तुसंग्रहालय, विद्यापीठ, पुरातत्त्व खातं. गॉलमध्ये २००४ च्या त्सुनामीने ‘अॅव्हॉन्डस्टर’वर काम करणाऱ्यांची किनाऱ्यावरची लॅबच उद्ध्वस्त केली, त्यामुळे प्रत किनाऱ्यापासून लांब असलेली बरी.

आणि कधी धावाधाव करायची हे आधीच लिहून ठेवा, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही. मी असं धरतो: एकाच सळईवर वाळू लागोपाठ दोन तपासण्यांत खाली गेली, किंवा थर कुठेही ५० सेंटिमीटरच्या खाली आला, किंवा गाळाखालच्या ठोकळ्यात टेरेडोचं एक जरी भोक दिसलं, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात खात्याला लेखी कळवायचं आणि गोण्या भरायला माणसं गोळा करायची.